तालमीच्या हॉलची फरशी मोकळी केली

सांगलीत पुराचं पाणी घरात आलेल्या कुणालाही विचारा, भिंतींचं काय झालं ते तो सविस्तर सांगेल. जमिनीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाळ खरवडला, पाणी मारलं, फिनेल टाकलं की जमीन झाली स्वच्छ, असंच आपण धरून चालतो. फरशी उघडी असेल, मग ती शहाबादी असो की मोझॅक, तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तिच्यावर काही चिकटवलेलं असेल तर मात्र नाही. आमच्या नाट्यसंस्थेच्या तालमीच्या हॉलची जमीन उघडली तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. ती उघडायला जे मशीन आणलं, त्याच्याबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

हॉल गावभागातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. साधारण हजार चौरस फूट, एका टोकाला फूटभर उंचीचं लाकडी स्टेज, त्याच्या मागे रंगभूषेची छोटी खोली. हॉलमध्ये मूळची मोझॅक फरशी. संस्थेतल्या मागच्या पिढीनं तिच्यावर विनाइलचा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या चादरीचा, रोल चिकटवून घेतला होता, वर लाकडाची नक्षी असलेला. स्टेजवर फोमची पाठ असलेला लाल कार्पेट. त्या काळी ते छान दिसत असणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची, म्हणजे किती वर ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. दोन्ही वेळा हॉल धुतला, भिंती रंगवल्या, विनाइल पुसून घेतलं. वरून ते कोरडं ठणठणीत दिसायचं.

पण वास जाईना. सकाळी कुलूप उघडलं की कुबट भपकारा यायचा, आणि पंखे लावले तरी तासभर रेंगाळायचा. नाटकाची तालीम उभ्यानं सुरू होत नाही, ती बसून सुरू होते. आठवडेच्या आठवडे वाचन चालतं, सगळे जमिनीवर मांडी घालून. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावातली पोरं कुबट जमिनीवर बसून खोकत वाचन करतात, हे मला बघवत नव्हतं.

एका कोपऱ्यात विनाइलची कड सुटली होती. ती धरून वर ओढली. खालचा पिवळा गोंद काही ठिकाणी कडक, काही ठिकाणी ओला; फणसाच्या चिकासारखा, ओढला की लांबच लांब तारा. त्याच्या खाली फरशीच्या सांध्यांवर पांढरा क्षार फुटलेला आणि त्यातून काळी बुरशी पसरलेली. बोट लावलं तर गार आणि दमट. पूर येऊन गेल्याला बराच काळ लोटला होता आणि उन्हाळे होऊन गेले होते, तरी.

याचं कारण अवघड नाही. इथल्या जोत्यांखाली काळी माती आहे आणि ती पाणी धरून ठेवते. जुन्या वाड्यांच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला नसतो, त्यामुळे मातीतली ओल दगडा-चुन्यातून हळूहळू वर चढते. उघड्या फरशीच्या सांध्यांतून ती हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. विनाइलमधून वाफ आरपार जात नाही. मग ओल तिथंच थांबते, गोंद कुजतो, क्षार साठतो. पुराचं पाणी कडांतून एकदा आत शिरलं की त्याला परत बाहेर यायला वाट नसते.

आधी मिरजेच्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी छन्नी आणि रुंद पट्टीनं दाराजवळचा एक तुकडा काढून दाखवला. विनाइल निघालं, पण गोंद घट्ट होता तिथं छन्नी फरशीत रुतली आणि दोन टवके उडाले. मिस्त्री स्वतःच म्हणाले, "ताई, हातानं केलं तर फरशी न्हाई ऱ्हायची. कोल्हापुरात एका दवाखान्यात मशीननं काढलेलं बघितलंय मी. तसलं मिळतंय का बघा." त्यांच्या ओळखीनं पुण्याच्या एका फ्लोअरिंग कॉन्ट्रॅक्टरकडचं मशीन आणि सोबत एक ऑपरेटर भाड्यानं मिळाला.

मशीन तसं साधं आहे. कंबरेपर्यंत येणारं हँडल, मागे दोन चाकं, वर मोटर आणि पुढे जमिनीलगत आडवं पोलादी पातं. मोटर त्या पात्याला मागे-पुढे हिसके देते. हिसका अगदी बारीक, पण मिनिटाला हजारो. मशीनचं वजन पात्यावर येतं आणि पातं गोंदाच्या थरात शिरून वरचं आवरण जमिनीपासून सोडवत जातं. वजन कमी पडलं तर वर लोखंडी प्लेटा ठेवता येतात. हे सिंगल फेजवर चालणारं होतं, तरी आमच्या हॉलचा जुना सॉकेट त्याला पुरला नसता. वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी १६ अँपिअरची लाइन ओढून घेतली, अर्थिंग तपासलं आणि गळती झाली तर वीज तोडणारा स्विच बसवला. ओल असलेल्या जमिनीवर विजेचं मशीन चालवायचं, तर यात काटकसर करू नये. भाडं दिवसाच्या हिशेबानं होतं, त्यामुळे ही सगळी तयारी मशीन यायच्या आधी उरकली होती.

आणि खरं काम या तयारीतच असतं. मशीन आणलं, चालू केलं आणि सगळं सोलून निघालं, असं होत नाही. अखंड रोलवर ते सोडलं तर पातं आत जातं, पण सुटलेलं विनाइल आजूबाजूच्या विनाइलला धरूनच राहतं, मशीनच्या तोंडाशी गोळा होतं आणि मशीन अडतं. म्हणून आधी पट्टे पाडायचे. आमचं पातं आठ इंची होतं, त्यामुळे हुकासारख्या वाकड्या पात्याच्या कटरनं हॉलभर त्याहून जरा अरुंद पट्टे कापले. कापताना हात फरशीपर्यंत पोचला पाहिजे. वरवर चिरलेलं विनाइल मशीनखाली वेडंवाकडं फाटतं. गुडघ्याखाली उशी घेऊन, दोरा धरून रेघ मारायची आणि एका दमात ओढायचं. संस्थेतल्या मुलांनी हे काम इतकं मन लावून केलं की ऑपरेटरनं येताच तिथं उभं राहून मान डोलावली.

दुसरी गोष्ट पात्याच्या धारेची. पात्याला एका बाजूनं उतार असतो. सिमेंटच्या किंवा दगडी जमिनीवर उताराची बाजू वर ठेवायची, म्हणजे पातं सपाट सरकतं आणि धार जास्त टिकते. लाकडी जमिनीवर उलट, उतार खाली, नाहीतर पातं लाकडात खुपसतं. ऑपरेटरनं हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढे स्टेजपाशी ते फार कामी आलं.

तिसरी गोष्ट दिशा. जुन्या मोझॅकमध्ये सगळ्या फरशा एका पातळीत राहिलेल्या नसतात. कुठं एक कड नखाएवढी वर, कुठं एखादी फरशी दबलेली. सांध्याला काटकोनात मशीन नेलं की पातं बरोबर त्या वर आलेल्या कडेवर आपटतं आणि टवका उडतो. तिरपं नेलं तर पातं कडेवर एका टोकानं चढतं आणि सरकून जातं. म्हणून आम्ही पट्टेच तिरपे पाडले होते, भिंतीशी पंचेचाळीस अंशांत. कोपऱ्यांत त्यामुळे त्रिकोणी तुकडे उरतात आणि ते हातानं काढावे लागतात. फरशी वाचणार असेल तर तेवढं चालतं.

मशीन मी स्वतः चालवून पाहिलं. कानांत प्लग, तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, पायांत जाड बूट, वायर खांद्यावरून मागे सोडलेली. सुरू केल्याबरोबर हातात थरथर येते आणि आपण आपसूक पुढे जोर लावतो. मिस्त्री मागून ओरडले, "ढकलू नका वो! नुसतं धरा. त्याचं त्याला जाऊ द्या." जोर काढून घेतला आणि मशीन शांतपणे पुढे निघालं. पात्यापुढे विनाइल वर उचललं जात होतं, मागे गोंदाचे करडे-पिवळे चट्टे आणि मधूनमधून मोझॅकचे लाल-पांढरे खडे दिसत होते. कित्येक वर्षांत कुणी न पाहिलेली फरशी. पट्टा सुटला की एक जण तो गुंडाळत मागे यायचा. वाटेत पडलेला पट्टा चाकाखाली आला तर मशीन एका बाजूला उचललं जातं आणि पात्याचा कोपरा फरशीवर ओरखडा काढतो, म्हणून गुंडाळणारा माणूस हवाच.

पट्टा नीट निघेनासा झाला, मशीन गोंदावरून नुसतं घसरायला लागलं, की पातं बोथट झालं असं समजायचं. तिथं वजन वाढवून उपयोग नाही. पातं बदलायचं, आणि बदलताना प्लग काढून हातात घ्यायचा, नुसता स्विच बंद करून भागवायचं नाही. ती पाती वस्तऱ्याइतकी धारदार असतात. आम्ही दोन संच फिरवत होतो. एक मशीनला, एक कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये धार लावायला.

हवामानाचा एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. थंडीचे दिवस होते. सकाळी लवकर फरशी गार असताना गोंद कडक असायचा आणि विनाइलला चिकटूनच निघायचा, खाली फरशी जवळजवळ स्वच्छ. दुपारी पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं की त्याच पट्ट्यातला गोंद मऊ पडून ताणला जायचा, पात्याला लोळे चिकटायचे, चाकं जागची हलेनात. मग आम्ही क्रमच बदलला. मशीन सकाळी, दुपारी कोपरे आणि साफसफाई. जिथं गोंद फारच चिकट होता तिथं लाकडाचा भुसा पसरला. त्यानं चिकटपणा मोडतो आणि गोंद खरवडून गोळा करता येतो. पाणी किंवा थिनर मात्र वापरलं नाही. पाण्याचं कारण विजेचं मशीन. थिनरची वाफ बंद हॉलमध्ये साठते आणि एक ठिणगी पुरते, शिवाय वर माडीवर वयस्कर जोडपं राहतं. त्यांच्यासाठी दुपारी एक ते चार मशीन पूर्ण बंद ठेवायचं, हे ठरलेलंच होतं.

स्टेजवरचा कार्पेट निराळा निघाला. आधी कडेनं ठोकलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून पकडीनं उपसल्या, कारण एक चूक पात्याखाली आली की धार गेलीच. कार्पेटचा वरचा भाग हातानं सहज निघाला. फोमची पाठ मात्र लाकडालाच चिकटून राहिली होती आणि जुनी होऊन तिचा भुगा व्हायला लागला होता. इथं पातं उलटं बसवलं, उतार खाली, वरच्या लोखंडी प्लेटा काढल्या आणि फळ्यांच्या लांबीनं मशीन नेलं, आडवं नाही. सागवानी फळ्या खरचटल्या नाहीत. धूळ मात्र भयंकर उडाली. पुराचा वाळलेला गाळच होता तो.

याच टप्प्यात रंगभूषेची खोली उघडली आणि तिथं काम थांबवावं लागलं. वरचा पातळ कार्पेट गुंडाळला तर खाली मोझॅक नव्हतीच. नऊ इंची चौकोनी, कडक, तपकिरी टाइल्स होत्या, आणि एका फुटलेल्या कोपऱ्याखाली डांबरासारखा काळा गोंद. ऑपरेटर मशीन आत घ्यायला निघाला होता. मी नको म्हटलं. नऊ इंची जुन्या विनाइल टाइल्स आणि काळा गोंद एकत्र दिसले की अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय घ्यायचा, हे मी तयारी करताना वाचलं होतं. विसाव्या शतकात अशा टाइल्सना बळकटी यावी म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळत. टाइल अखंड असेल तोवर तंतू आतच अडकलेले असतात. खरवडलं, घासलं, फोडलं की ते धुळीत मिसळतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि फुप्फुसात गेले की तिथंच राहतात. त्यातून होणारे आजार, फुप्फुसाचा कॅन्सर धरून, कित्येकदा वीस-तीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा उघडकीस येतात. म्हणजे आज मशीन फिरवणाऱ्या विशीतल्या मुलाला त्याची शिक्षा पन्नाशीत. त्याला साध्या कापडी मास्कवर त्या खोलीत पाठवणं मला मान्य नव्हतं.

आधीच फुटलेल्या कोपऱ्यावर पाण्याचा फवारा मारला, छोटा तुकडा ओलाच उचलला, दोन पिशव्यांत बंद केला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, सिमेंटचे पत्रे आजही विकले जातात, त्यामुळे बऱ्याच जणांना ही काळजी उगाच वाटते. आमच्या कार्यकारिणीतही तसं म्हणणारे होते. पण त्या टाइल्स आम्ही काढल्या नाहीत. फुटलेला कोपरा सील केला, वर सुटी जाड शीट अंथरली, जमिनीत खिळा किंवा ड्रिल न मारता लोखंडी रॅक उभे केले. तिथं आता फक्त सामान राहतं, रंगभूषा हॉलच्या एका कोपऱ्यात पडदा लावून होते. थोडी ओल तिथं राहणार, ती आम्ही स्वीकारली. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि संस्थेच्या फाइलमध्ये अहवालाची प्रत लावली आहे, म्हणजे पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला घासायच्या आधी कळेल.

हॉलमध्ये मात्र काम पूर्ण झालं. निघालेलं विनाइल सुमारे पावणेतीनशे किलो भरलं असावं. दोन मिलिमीटर जाडीचं विनाइल चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास बसतं. एवढे गुंडाळे अंगणात रचले की थंडीच्या दिवसांत एखादा गुंडाळा शेकोटीत टाकायचा मोह होणारच. तो होऊ दिला नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. गोंद लागलेलं विनाइल भंगारवालेही घेत नाहीत. ट्रॅक्टर करून ते महापालिकेच्या कचरा डेपोवर पाठवलं.

फरशीवर उरलेला गोंदाचा पातळ थर मोझॅक पॉलिश करणाऱ्यांनी काढला. त्यांचं नेहमीचंच काम, फक्त पहिला दगड जास्त जाड दाण्याचा. मोझॅकच्या फरशीत खड्यांचा वरचा थर काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून घासणं बेतानं. पहिली घिसाई झाली की बारीक छिद्रांत आणि उडालेल्या टवक्यांत फरशीच्या रंगाचं सिमेंट भरून ते पाण्यावर मुरू दिलं, मग बारीक दगड, शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पॉलिश. घिसाईचं राखाडी पाणी गटारात सोडू नका. खाली बसून त्याचा दगड होतो. आम्ही ते घमेल्यांत वाळवून पोत्यांत भरलं.

पॉलिशच्या आधी फरशीला महिनाभर नुसतं उघडं ठेवलं होतं. दारं-खिडक्या उघड्या, पंखे चालू. दीड फुटाचा पॉलिथिनचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी आतून दव धरलंय का बघायचं, ही परीक्षा घेत राहिलो. सुरुवातीला आतून पाणी निथळायचं. पुढे नुसता धुरकटपणा, आणि शेवटी भिंतीकडेचा एक पट्टा सोडून सगळीकडे कोरडं. सांध्यांवरचा क्षार मऊ ब्रशनं झाडून काढत राहिलो. पाण्यानं धुतला तर तो विरघळून परत फरशीत जातो.

वरून पुन्हा काही चिकटवावं असा एक प्रस्ताव आला होता, या वेळी चांगल्या कंपनीचं, गॅरंटीसह. कार्यकारिणीनं तो नाकारला आणि मला त्याचा फार आनंद झाला. गावभागात पाणी पुन्हा येणार नाही अशी गॅरंटी कुणीच देत नाही. आता हॉलमध्ये सतरंज्या आहेत, सुट्या. आयर्विनला ३५ फूट झालं की त्या गुंडाळून माडीवर न्यायच्या, रंगभूषेच्या खोलीतलं खालच्या रॅकचं सामान त्यांच्याबरोबर, आणि माडीची किल्ली कुणाकडे आहे, एवढं सूचना-फलकावर लिहून ठेवलं आहे.